वीतभर कमी पडलेला पट्टा

माउंट ड्रुइट,
शनिवार, दुपार

परमपूज्य वाइमोआना आत्यांस,

तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा सितालेकी याचा जमिनीला कपाळ टेकून नमस्कार. हे पत्र मी स्वयंपाकघरातल्या फरशीवर मांडी घालून लिहितो आहे. टेबल रिकामं आहे, खुर्च्याही चार आहेत, पण तुम्हाला लिहायचं आणि तेही खुर्चीत बसून, हे मला जमलं नाही. (तोआकासे म्हणते, आत्याबाई तिकडे वावाऊ बेटावर, समुद्रापलीकडे, त्यांना काय दिसतंय? मी म्हटलं, लग्नाला तीस वर्षं झाली तरी तुला आमच्या आत्या कळल्या नाहीत.) तुमचे गुडघे आता कसे आहेत? वादळात अर्धं मोडलेलं ब्रेडफ्रूटचं झाड पुन्हा फुटलं का? डुकरीण व्याली असं इथे राहणारा आपल्या गावचा फिनाऊ म्हणाला, पण पिल्लं सात की नऊ यावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं फोनवर भांडण झालं, तेव्हा खरा आकडा तुम्हीच कळवा. पत्रही फिनाऊच घेऊन येतो आहे. त्याचं विमान गुरुवारचं आहे, म्हणजे तोपर्यंत मला लिहायला सवड आहे. तुम्हाला फोन केला की तुम्ही तो मोठ्या आवाजावर लावता आणि निम्मं गाव भोवती येऊन बसतं. हा विषय निम्म्या गावाचा नाही. इकडे सर्व खुशाल आहे.

ते वाक्य पत्राची रीत म्हणून लिहिलं, आत्या. खुशाल नाही. लोसालीनेताई डायलिसिसला जायची बंद झाली आहे. अगदी बंद नाही, पण आठवड्यातून तीनदा जायचं ते आता एकदाच जाते, दर सोमवारी, दोन बस बदलून, तोआकासेचा हात धरून. तोआकासेला लाँड्रीतून सोमवारचीच सुट्टी मिळते. उरलेले दोन दिवस ताई म्हणते, आज बरं वाटतंय, आज नको. नर्सबाईंचा मला दोनदा फोन आला. त्या म्हणाल्या, तीन खेपांची एक झाली तर अंगात पाणी साठणार, आणि ते पाणी एक दिवस छातीत जाणार. हे सगळं का झालं, तर माझ्या व्हॅनमधला पट्टा वीतभर कमी पडतो म्हणून. तुम्हाला वाटेल सितालेकी थट्टा करतो आहे. माझी थट्टेची सवय तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे आणि तिच्यापायी तुम्ही मला झाडूनं मारलंही आहे. पण ही थट्टा नाही.

झालं असं. माझ्या व्हॅनमध्ये ताई नेहमी मधल्या रांगेत बसते. माझ्या शेजारी बसणं तिला शोभत नाही आणि मला सोसत नाही. मे महिन्यात एका सकाळी तिनं पट्टा ओढला, आणखी ओढला, आणि मग तो तसाच हातात धरून मांडीवर ठेवला, लावल्यासारखा. मी आरशात पाहिलं. पाहिलं आणि लगेच आरसा वर फिरवला, कारण त्यात बहिणीच्या... (कसं लिहू? तुम्ही वडीलधाऱ्या, तुमच्यासमोर लिहायला हरकत नसावी, तरी हात अडतो. आपण त्याला ‘मधला प्रदेश’ म्हणू.) बहिणीच्या मधल्या प्रदेशाकडे आपल्या रीतीत भावानं बघणं बरोबर नाही. तो प्रदेश जेवणानं वाढलेला नाही, आत्या. ती तर चमचाभर जेवते. ते पाणी आहे. पण पाणी असो की डुकराचं मांस, भावानं त्याबद्दल बोलायचं नाही ते नाहीच. मग मी माझ्या परीनं तोडगा काढला: गाडी हळू चालवायची. चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागून लोक हॉर्न वाजवायचे, एका ट्रकवाल्यानं माझ्या आईची विचारपूस केली, एक सायकलवाला मला मागे टाकून गेला आणि वर हात हलवून गेला. महिनाभर मी हॉस्पिटलपर्यंत असा वरातीच्या चालीनं जात होतो.

आता तुम्ही म्हणाल, घरात दुसरं कुणी नव्हतं का सांगायला? कोण आहे सांगा. मी भाऊ. माझी मुलं तिच्या पायाशी बसणारी. तोआकासे भावजय, ती वन्संपुढं मान वर करत नाही, तर बोलणार काय. पण मला मात्र ती रोज बोलते. एकदा पातेलं आपटून म्हणाली, “तुमच्या मानापायी एक दिवस वन्संची मान मोडेल.” मी म्हटलं, हे वाक्य तू तयार करून ठेवलं होतंस. ती म्हणाली, हो, दोन आठवडे.

मग पोलीस आला. ग्रेट वेस्टर्न हायवेवर, भर सकाळी. उन्हानं लाल झालेला, पोलीस असूनही बोलायला गोड असा इसम. त्यानं खिडकीतून डोकावून पाहिलं आणि विचारलं, मॅडम, पट्टा का लावला नाही? ताईनं हातातला पट्टा नुसता दाखवला. तेव्हा तो आणखी गोड आवाजात, खणखणीत म्हणाला, “पोटावरून पुरत नाही का?” आत्या, मी त्या क्षणी काय करायला हवं होतं? कुठल्याही घरंदाज भावानं केलं असतं तेच केलं. दार उघडलं, खाली उतरलो आणि रस्त्याच्या कडेच्या निलगिरीकडे चालू लागलो. पाठ फिरवली, दोन्ही कानांत बोटं घातली आणि जरा मोठ्यानं भजन म्हणायला लागलो. त्याचा साथीदार मोटारीतून धावत आला. त्याला वाटलं, हा पळतोय. तो थांब थांब ओरडत होता म्हणे, पण कानांत बोटं असताना मला कसं कळणार? त्यानं खांद्याला धरलं तेव्हा मी दुसऱ्या कडव्यावर होतो. मग गाडीची झडती. त्यांना सापडलं काय, तर अर्धं पोतं तारोचे कंद आणि चर्चच्या जेवणासाठी घेतलेले बीफचे अठ्ठावीस डबे. एक डबा त्यानं कानाशी धरून हलवूनसुद्धा पाहिला. वीस मिनिटं हा तमाशा चालला आणि तेवढा वेळ तो लाल पोलीस ताईला कायकाय विचारत होता आणि वहीत लिहीत होता. मी एक शब्द ऐकला नाही, आत्या. आपल्या घराण्याची अब्रू राखली. दंड माझ्या नावावर आला, लायसन्सवरचे गुणही गेले, ते जाऊ द्या. पण त्या संध्याकाळी ताई तोआकासेला म्हणाली, उद्यापासून मी बसनं जाईन. बसला पट्टे नसतात.

आता ही साखळी बघा. पट्टा पुरत नाही म्हणून ती जात नाही, जात नाही म्हणून पाणी साठतं, पाणी साठतं म्हणून पट्टा आणखी पुरत नाही. डॉक्टरांनी हे मला चित्र काढून समजावलं. मी म्हटलं, ताईला बिनापट्ट्यानं बसता येईल असा दाखला द्या. तर ते म्हणाले, “दाखला दंडापासून वाचवेल, समोरच्या काचेपासून नाही.” मग मी पट्टा लांब करायचा जोडपट्टा शोधायला लागलो. एक टोक गाडीच्या कुलुपात, दुसऱ्या टोकाला तसंच दुसरं कुलूप. इंटरनेटवर ‘जगातल्या कुठल्याही गाडीला बसतो’ असा मिळाला. पिवळ्या पाकिटात आला, टिचबटण बसल्यासारखा टक्‌ करून बसला, आणि मी जरा ओढला तर टक्‌ करून बाहेरही आला. मी तो नबीलकडे नेला. नबील म्हणजे आमचा गॅरेजवाला, बैरुतचा, रोज वेगळ्या माणसावर रागावलेला असतो. त्या दिवशी मी सापडलो.

“हा लेबल नसलेला माल कशाला आणलास?” तो म्हणाला. “सगळ्या गाड्यांना बसतो म्हणजे एकीलाही बसत नाही, समजलं? कुत्रं बांध त्यानं.” मग त्यानं मला तासभर शाळा शिकवली. ती इथे लिहितो, कारण तुमच्याकडेही आता गाड्या झाल्यात. जोडपट्टा त्याच गाडीच्या कंपनीचा, त्याच सीटच्या कुलुपाचा हवा, नाहीतर लागल्यासारखा वाटतो आणि धडकेत सुटतो. कायद्याचं म्हणाल तर इथे राज्याराज्याचा नियम निराळा. तेव्हा वाहनांच्या ऑफिसात विचारायचं, उत्तर लेखी घ्यायचं आणि तो कागद गाडीत ठेवायचा. बाजारातला बिननावाचा लावून अपघात झाला तर पोलीसही विचारतील आणि विमावालेही. कुलूप कमरेच्या हाडापाशी आलं पाहिजे, पोटावर नाही, कारण धडकेत ते लोखंड पोटात घुसतं. मुलांच्या खुर्चीला तो कधी लावायचा नाही. ज्याच्यासाठी घेतला त्यानंच वापरायचा. आणि मूळचा पट्टा पुरत असेल तर जोडपट्टा काढून ठेवायचा, हौसेनं लावायचा नाही. एवढं बोलून नबीलनं पिवळं पाकीट कचऱ्यात टाकलं आणि म्हणाला, कंपनीच्या शोरूममध्ये जा आणि माप घेऊन जा.

माप! आत्या, भावानं बहिणीचं माप. मी शोरूमच्या दारातून दोनदा परत आलो. मग सुचलं: ताईची चर्चची दोरी. चर्चला जाताना कमरेभोवती मानाची चटई गुंडाळून वरून बांधते ती, काथ्याची, आईच्या हातची. दोरी म्हणजे मापच. तिच्या खोलीत पाऊल टाकायची माझी प्राज्ञा नाही, म्हणून तोआकासेला पाठवलं. तिनं कपड्यांआड लपवून चोरल्यासारखी दोरी आणली, मी गाठीपासून गाठीपर्यंत टेपनं मोजली आणि आकडा शोरूममधल्या बाईंना दिला. त्या बाईंनी आकडा पाहिला, मला पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, “हे एकाच माणसासाठी आहे ना?” मी अभिमानानं हो म्हटलं. तीन आठवड्यांनी जोडपट्टा आला, कंपनीच्या खोक्यात, लेबलासकट, कागदासकट. मी स्वतः बसून लावून पाहिला तर कुलूप माझ्या बेंबीवर, आणि माझी बेंबी काही लहानशा घेरात नाही. नबीलनं कपाळावर हात मारला. घरी येऊन तोआकासेला सांगितलं तर ती भिंतीला टेकून हसली, मग रडली, मग म्हणाली, “अहो, दोरीचे दोन फेरे घेतात.” चोपन्न वर्षं मी ताईबरोबर चर्चला जातो आहे. ती दोरी किती फेरे घेते हे मी कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं नसतं. जोडपट्टा बदलून आणला. ऑफिसचा लेखी कागदही आला. आता तो मधल्या रांगेत बसवून ठेवला आहे, मूळचाच असल्यासारखा. फक्त त्यावर बसणारी नाही.

तिच्यापर्यंत ही गोष्ट पोहोचवायची कशी, म्हणून मी पाद्रीसाहेबांना गाठलं. त्यांना म्हटलं, नाव न घेता, आडून आडून सुचवा. त्यांनी गेल्या रविवारी ‘कंबर कसणे’ या विषयावर पाऊण तास प्रवचन दिलं. म्हणाले, जो वेळेवर कंबर कसतो तो तरतो, पट्ट्याशिवाय प्रवासाला निघू नका. मी मागच्या बाकावर घामाघूम. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, लागला बाण. प्रवचन संपल्यावर ती थेट पाद्रीसाहेबांकडे गेली आणि म्हणाली, तुम्ही म्हणता ते खरं आहे, आमच्या घरातलं कुणीच कंबर कसत नाही, चर्चच्या छपराच्या कामाला माझा भाऊ सितालेकी येईल. त्यामुळे हे पत्र लिहिताना माझी पाठ धरलेली आहे आणि अंगठ्यावर हातोडी बसलेली आहे. अक्षराला हसू नका.

पहिल्याच दिवशी मी सरळ बोललो असतो तर, असं मनात येतं. पण आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं (म्हण आहे, रागावू नका). तुमच्या घरातल्या सगळ्यांना, डुकरीणबाईंना आणि तिच्या सात किंवा नऊ पिल्लांनाही आशीर्वाद आणि प्रेम. काही अधिकउणं लिहिलं गेलं असेल तर पोर समजून पोटात घाला.

तुमच्या पायाशी बसणारा,
सितालेकी

ता. क. – खरं काम आता लिहितो. जगात ताईपेक्षा वडील असं माणूस आता एकच उरलं आहे, ते तुम्ही. तुम्ही तिला पोटावरून बोला, वजनावरून बोला, तुम्हाला कोण विचारणार? पत्र मिळालं की तिला फोन करा आणि रागवा. जोडपट्टा तुम्हीच मागवायला सांगितलात असं सांगा. माझं नाव काढू नका. आणि फोन मोठ्या आवाजावर लावू नका.

आणखी ता. क., बुधवार. – फोन करू नका. काल संध्याकाळी मी तारो सोलत होतो. ताई दाराच्या पलीकडे येऊन उभी राहिली. आमचं बोलणं असंच होतं, मध्ये भिंत ठेवून. ती म्हणाली, “सितालेकी, दोरीचे दोन फेरे असतात रे.” माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. ती म्हणाली, नवा पट्टा गाडीत लावलाय हे मला कळलंय, मी वाट बघत होते तू कधी म्हणतोस. मी म्हटलं, “ताई, मला म्हणवत नाही.”

“ते ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तो पोलीस मला विचारत होता, वजन किती, आजार कधीपासून, मूलबाळ आहे का. लोक गाड्या हळू करून बघत होते. आणि तू झाडाखाली गाणी म्हणत होतास. मान दिलास रे बाबा. सोबत नाही दिलीस.”

आत्या, मी रडलो. तारोच्या सालींवर बसून लहान मुलासारखा रडलो, लाज वाटली नाही. मग उठलो, दारापलीकडे गेलो, तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, “ताई, पट्टा तुझ्या कमरेला वीतभर कमी पडतो. मी आणलाय. चल.” जन्मात पहिल्यांदा तो शब्द तिच्यासमोर उच्चारला. आभाळ कोसळलं नाही. ती फक्त म्हणाली, बरं, सकाळी लवकर काढ गाडी. आज सकाळी ती बसली तेव्हा मी दारापाशी उभा राहून कुलूप हाडाजवळ आलं का ते पाहिलं. आलं होतं. आम्ही साठनं गेलो.

शेवटचा ता. क., तीन आठवड्यांनी. – फिनाऊला कांजिण्या झाल्या (वय सत्तेचाळीस), विमान चुकलं, म्हणून पत्र इथेच राहिलं. बरं झालं. वरचं सगळं आता जुनं झालं आहे. हॉस्पिटलनं ताईला चार दिवस ठेवून घेतलं, मशीननं पाणी काढलं, पुन्हा काढलं. काल घरी येताना मी जोडपट्टा लावायला वाकलो तर ती म्हणाली, बघ, नको आता. खरंच नको. नबीलच्या नियमानं तो काढून, पुसून, कागदासकट खोक्यात ठेवला. मूळचा पट्टा तिला आता पुरतो, आत्या. पुरून उरतो. पाणी गेल्यावर खाली ताई किती थोडी राहिली आहे ते मला आता दिसलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की त्या मधल्या आठवड्यांत तिचं हृदय थकलं ते थकलंच, आणि आता महिने मोजायचे. त्या आठवड्यांत तिच्याशी एक वाक्य बोलायचं धाडस मला नव्हतं.

म्हणून आता फोन नको, रागावणंही नको. तुमचं इकडे यायचं तिकीट या पत्राबरोबर फिनाऊकडे दिलं आहे. विमानतळावर तुम्हाला घ्यायला ताई स्वतः येणार म्हणते. तिला गाडीत बसवतंय तोवर या.